गिरगावचा पुनर्विकास : खोलीचा हिशोब झाला, गल्लीचा राहिला

मुंबईच्या गिरगाव, ठाकूरद्वार, काळबादेवी, भुलेश्वर या पट्ट्यात सध्या दोन माणसं भेटली की एकच विषय, तुमच्या बिल्डिंगचं काय झालं, बिल्डर आला का, किती देतोय. किती म्हणजे कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, किती, बांधकाम चालू असतानाचं भाडं किती, कॉर्पस, म्हणजे बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम, किती. हे प्रश्न बरोबरच आहेत, दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या माणसाने ते विचारलेच पाहिजेत. पण इमारत उभी राहून लोक राहायला गेले की वर्षा-दोन वर्षांनी तीच माणसं म्हणतात की घर मोठं झालं पण खाली उतरावंसं वाटत नाही. असं का होतं हे समजून घ्यायचं तर आजच्या बिल्डरपाशी थांबून चालत नाही, सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं, कारण हा घोळ कायद्यांनीच थर-थर करून साठवलेला आहे.

गिरगाव मुळात वाड्यांचा गाव. नारळ-फणसाच्या बागा होत्या, त्यांचे मालक होते, आणि बागेतून आत जाणारी एक वाट. फणसवाडी, कांदेवाडी, झावबावाडी, खोताची वाडी ही नावं त्यातलीच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरात गिरण्या, गोदी, सरकारी कचेऱ्या वाढल्या, कोकणातून आणि घाटावरून माणसं आली, मग त्याच वाड्यांत मालकांनी चाळी बांधल्या. वाडीचं तोंड अरुंद आणि आत मोकळी जागा, ही रचना मात्र तशीच राहिली. म्हणून मग १८९३ ला केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसू शकला, शांतारामाच्या चाळीच्या आवारात टिळकांच्या काळात मोठ्या राजकीय सभा होऊ शकल्या. ते काही सभागृह म्हणून बांधलेलं नव्हतं, चाळींच्या मधली उरलेली जागा होती, आणि तीन मजल्यांच्या गॅलऱ्या म्हणजे आपोआप मिळालेली प्रेक्षकांची बसायची सोय.

मग १८९६ ला प्लेग आला. मांडवीत सुरू झाला आणि दाट वस्तीत पसरला. ब्रिटिश सरकारने १८९८ ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, आणि मध्य मुंबईचा पहिला पुनर्विकास खरं तर तो. त्यांचा विचार असा की रोग कोंदट हवेतून येतो, तर वस्ती कापून रुंद रस्ते काढा म्हणजे समुद्रावरचं वारं आत येईल. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते त्यातून आले, आजचे शामळदास गांधी मार्ग आणि सरदार वल्लभभाई पटेल रोड. रस्ते झाले, उपयोगीही आहेत, पण ज्यांच्या खोल्या पाडल्या त्यांना सुरुवातीला तरी पुरेशा खोल्या मिळाल्या नाहीत आणि ती माणसं शेजारच्या गल्लीत जाऊन तिथली गर्दी वाढवत राहिली. गल्ली म्हणजे रोगाची जागा, ती जितकी कमी होईल तितकं बरं, ही समजूत तेव्हा सरकारी डोक्यात बसली आणि माझ्या मते ती अजून पूर्ण गेलेली नाही.

१९२० ला बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आलं, त्याच्याच नावाच्या बीडीडी चाळी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी. तळमजला अधिक तीन, एका मजल्यावर वीस खोल्या, खोली साधारण १६० स्क्वेअर फुटांची. सिमेंटच्या, पक्क्या, पण माणसाला नुसतं ठेवायला बांधल्यासारख्या. तिथल्या लोकांनी मधल्या मैदानांत कबड्डी, गणपती, भीमजयंती असं सगळं उभं केलं ती त्यांची कमाई, नकाशा काढणाऱ्याची नाही.

आता मुख्य गोष्ट, भाडं. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी १९१८ ला भाड्यावर बंधन आलं ते महागाईमुळे. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा, आणि मग १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा, ज्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवलं. उद्देश चांगलाच होता, फाळणी, टंचाई, घरमालकांची मनमानी हे सगळं होतंच. कायदा तात्पुरता म्हणून आला होता पण मुदत वाढवत वाढवत पन्नासेक वर्षं चालला. १९९७ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भाडं असं गोठवून ठेवणं आता अवाजवी झालंय, तेव्हा कुठे १९९९ चा नवा कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. महिन्याला वीस-तीस रुपये भाडं येणारा मालक जिन्याची फळी बदलत नाही, त्याला परवडतच नाही, आणि भाडेकरू स्वतःच्या पैशाने दुसऱ्याच्या मालकीची इमारत दुरुस्त करत नाही. मधल्या मध्ये पागडी सुरू झाली, म्हणजे खोली विकायची, पैसे बहुतेक रोख, त्यातला एक वाटा घरमालकाला. कायद्याने भाडेकरू, व्यवहाराने अर्धा मालक, अशी माणसं या भागात पिढ्यान् पिढ्या राहिली. १९९९ च्या कायद्याने पागडी घेणं कायदेशीर केलं पण हा अर्धवटपणा काही गेला नाही.

इमारती पडायला लागल्या तसं १९६९ ला सरकारने दुरुस्ती मंडळाचा कायदा केला. भाडेकरूंकडून मालमत्ता कराबरोबर उपकर घ्यायचा आणि मंडळाने दुरुस्ती करायची. तेव्हा अशा उपकरप्राप्त इमारती होत्या १९,६४२, त्यातल्या १६,५०२ या १९४० च्या आधीच्या, म्हणजे 'अ' वर्गातल्या. पुढे हे मंडळ म्हाडात, म्हणजे राज्य सरकारच्या गृहनिर्माण प्राधिकरणात, आलं. लाकडी तुळयांना लोखंडी टेकू, गॅलरीला नवीन सळ्या, दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर अतिधोकादायक इमारतींची यादी, हे अजूनही चालू आहे. १९८६ ला कायद्यात भर घालून भाडेकरूंच्या सोसायटीला भाड्याच्या शंभरपट रक्कम भरून इमारत घेता येईल अशी तरतूद केली, त्यावर मालक कोर्टात गेले, आणि त्यातला घटनेचा मुद्दा सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांपुढे जाऊन निकाल लागला ५ नोव्हेंबर २०२४ ला, की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती धरता येत नाही. एका भागातल्या जुन्या घरांचा प्रश्न तीस-बत्तीस वर्षं कोर्टात, तेवढ्यात एक पिढी म्हातारी झाली.

सरकारकडे पैसा नाही, मालकाला परवडत नाही, भाडेकरूची ऐपत नाही, मग उरला एफएसआय, म्हणजे जमिनीच्या किती पट बांधकाम करायची परवानगी ते प्रमाण. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ३३(७) कलम आलं आणि १९९९ च्या बदलांनी त्याला खरा वेग दिला. गणित सोपं आहे, जुन्या भाडेकरूंना फुकट घरं द्यायची, त्याला लागेल तेवढा एफएसआय, आणि वर पुनर्वसनाच्या निदान पन्नास टक्के जादा, जो बिल्डरने बाजारात विकायचा. भाडेकरूंची संमती आधी ७० टक्के लागायची, पुढे ती ५१ वर आली. २००९ ला ३३(९) म्हणजे क्लस्टर, किमान ४,००० चौरस मीटर, एका इमारतीच्या जागी सगळा ठोकळा एकत्र. भेंडीबाजारात साडेसोळा एकरांवर अडीचशे इमारती आणि जवळपास ३,२०० कुटुंबं एकत्र घेऊन जे चाललंय ते याच धर्तीवर. तिथल्याच पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी बिल्डिंग ३१ ऑगस्ट २०१७ ला पडली आणि ३३ माणसं गेली, त्यामुळे पुनर्विकास नकोच असं कुणी म्हणत असेल तर त्याने आधी ते आठवावं. संडासाला रात्री गॅलरीच्या टोकापर्यंत जाणाऱ्या बाईला किंवा गुडघे गेल्यावर चार-चार महिने खाली न उतरलेल्या आजोबांना चाळीची मजा सांगू नये.

पण नियमावली नीट वाचली की एक गोष्ट दिसते. तिच्यात मोजलं जातं ते खोलीचं क्षेत्रफळ. खोलीबाहेरची गॅलरी, जिन्याखालची जागा, वाडीतलं अंगण, दारासमोरचा ओटा हे भाडेकरूच्या नावावर नाही, म्हणून त्याच्या बदल्यात काही मिळतही नाही. आणि पार्किंगचे मजले एफएसआयमध्ये धरत नाहीत. हे दोन नियम शेजारी ठेवले की टॉवर कसा होणार ते आपोआप ठरतं, खाली गाड्यांचे मजले, रस्त्याकडे कोरी भिंत किंवा जाळी, एक गेट, एक वॉचमन, आणि माणसं सातव्या-आठव्या मजल्यापासून पुढे. वाईट हेतू असायची गरजच नाही, गणितच तसं आहे.

ही गल्ली चालायची कशी ते जरा जवळून बघा. सकाळी भाजीवाली टोपली घेऊन वाडीत येते, हाक मारते, दुसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडतात, पिशवीत आधी पैसे येतात मग भाजी वर जाते, मेथी जून असली तर तिथूनच ओरडा, आणि तो ओरडा ऐकून पहिल्या मजल्यावरच्या मेथी घेत नाहीत. या सगळ्याला इमारत तीन-चार मजल्यांचीच लागते, गॅलरी रस्त्याकडे उघडी लागते आणि टोपलीवालीला गेटवर कुणी अडवता कामा नये. विसाव्या मजल्यावर पिशवी सोडता येत नाही, म्हणून तिथे ॲपवरून भाजी येते, आणि भाजीवालीचं गिऱ्हाईक एकाच वेळी चार बिल्डिंगांतून जातं. ओट्यावर संध्याकाळी बसणारे म्हातारे, शाळेतून आलेल्या पोरावर नजर ठेवणारी समोरची मावशी, यातलं कुणाचं नाव कुठल्या ॲग्रीमेंटमध्ये येणार?

तळमजल्यावरच्या अधिकृत दुकानाला निदान पर्यायी दुकान मिळतं, बऱ्याचदा आतल्या बाजूला का होईना. पण इस्त्रीवाला, फुलपुडीवाला, जिन्याखाली बसणारा चांभार, फुटपाथवरचा वडेवाला यांचा पुनर्विकासाशी कागदोपत्री संबंधच नाही. त्यांच्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, त्याचं काम पालिकेत, इमारतीचं काम म्हाडात, आणि दोन फाईली कुठेच भेटत नाहीत. चाळीची चार-पाच वर्षं पत्र्यामागे गेली की हे लोक तसेच पांगतात, टॉवर झाल्यावर त्यांना परत बोलवायला कुणी जात नाही.

भुयारी मेट्रो-३ च्या वेळी हेच वेगळ्या रूपात आलं. गिरगाव आणि काळबादेवी स्टेशनांसाठी जगन्नाथ शंकरशेट रोडच्या आजूबाजूच्या जुन्या इमारती गेल्या. लोक भांडले, मोर्चे काढले, आणि त्याच भागात घरं मिळाली पाहिजेत ही मागणी त्यांनी लावून धरली, मेट्रो कॉर्पोरेशनला ते मान्य करावं लागलं. ही साधी गोष्ट नाही, या शहरात प्रकल्पात घर गेलं की लांबच्या माहुल-मानखुर्दचाच रस्ता असतो. ऑक्टोबर २०२५ पासून लाईन पूर्ण चालू झाली आणि आता स्टेशनमुळे जागेचे भाव आणखी चढतील, म्हणजे ज्या इमारतींचं गणित आजवर बसत नव्हतं त्यांच्याकडेही बिल्डर येणार. तिकडे वरळीच्या बीडीडीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या, १६० च्या जागी ५०० स्क्वेअर फूट, ते बघून गिरगावकर आणखी घाईत आलेत, आणि ती घाई मला समजते.

फक्त एक निकाल या घाईत विसरला जातो. दादरच्या एका मिलच्या जागेवरच्या प्रकल्पाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१३ मध्ये सांगितलं होतं की नियमाने जेवढी किमान मोकळी जागा रहिवाशांच्या वापरासाठी सोडायची ती जमिनीवरच पाहिजे, पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या गच्चीवर, दाखवून चालणार नाही. म्हणजे अंगण हा हक्काचा विषय असू शकतो हे कोर्टाने एकदा मानलेलं आहे. त्यामुळे वाडीच्या मीटिंगमध्ये फ्लॅटचा प्लॅन सगळे उलटसुलट करून बघतात तसा तळमजल्याचा प्लॅनही मागून घ्या. रस्त्याच्या बाजूला दुकानं आहेत की भिंत, गणपतीचा मांडव कुठे पडणार, मोकळी जागा जमिनीवर किती, इस्त्रीवाल्याला चार बाय सहाची तरी जागा दाखवलीय का. आणि हे करारनाम्यावर सह्या व्हायच्या आधी, कारण एकदा प्लॅन मंजूर झाला की बदलासाठी सगळी फाईल पुन्हा फिरवावी लागते, आणि तोवर निम्मी वाडी विरार, डोंबिवली, बदलापूरला भाड्याने राहायला गेलेली असते.