विमानात सुका बर्फ न्यायचाय? परवानगी, कागदपत्रं आणि डबा बांधायची पद्धत

मुंबईहून दिल्लीच्या लेकीकडे सुरमई न्यायची असो, नाहीतर थंडच ठेवावं लागणारं औषध, सुका बर्फ म्हणजे ड्राय आइस विमानात नेता येतो. मात्र तो धोकादायक मालाच्या यादीत मोडतो, त्यामुळे विमान कंपनीची आधी परवानगी लागते. ती न घेता गेलात तर डबा काउंटरवरच अडतो.

मर्यादा माणशी अडीच किलो, चेक-इन आणि हातातलं सामान धरून. बर्फात ठेवलेली वस्तू नाशवंत चालते, पण ती स्वतः धोकादायक नको. यासाठी कुठल्या सरकारी कचेरीत अर्ज करावा लागत नाही. तिकीट काढलं की कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा. त्यात पीएनआर, बर्फ किती किलो, आत काय आहे आणि डबा कुठल्या सामानात जाणार एवढं लिहा. फोनवरच्या ‘चालेल’वर विसंबू नका, उत्तर लेखी मागा. अडीच किलोच्या आत असूनही कंपनी नाही म्हणू शकते. मासे नेत असाल तर त्याबद्दलही त्याच पत्रात विचारा. वाटेत कंपनी बदलत असेल तर दोघांचीही परवानगी हवी. परदेशी जाताना तिथले खाद्यपदार्थांचे नियम वेगळे असतात, ही परवानगी तिथे उपयोगाची नाही.

सोबत तिकीट, ओळखपत्र, परवानगीचं पत्र आणि औषध असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा.

आता डबा. चूक होते ती इथेच. सुका बर्फ म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, तापमान उणे 78.5 अंश सेल्सिअस. तो वितळून पाणी होत नाही, थेट वायू होतो. अडीच किलोतून निघणारा वायू 200 लिटरची सहा पिंपं भरेल इतका असतो. त्याला वाट मिळाली नाही तर डबा फुटतो. माझ्या मावशीने थर्मोकोलचा डबा खाकी टेपने चारही कडांनी गुंडाळला होता. काउंटरवरच्या मुलीने दोन कोपऱ्यांची टेप कापायला लावली तेव्हाच तो आत गेला. झाकण बसवा, पण हवाबंद करू नका. चेक-इनच्या डब्यावर इंग्रजीत ‘ड्राय आइस’ आणि त्याचं निव्वळ वजन ठळक लिहा.

विमानतळापर्यंत गाडीत नेताना काच खाली ठेवा. हा वायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड, खाली साचतो आणि गुदमरवतो. बर्फ हाताळताना जाड हातमोजे हवेत. उघड्या हाताने धरलात तर कातडी भाजल्यासारखी होते. तोंडात तर मुळीच नाही: मार्च 2024 मध्ये गुरुग्रामच्या एका कॅफेत मुखवास समजून तो खाल्लेल्या पाच जणांच्या तोंडातून रक्त आलं होतं.

अडीच किलोपेक्षा जास्त बर्फ कार्गोने जातो. डब्यावर यूएन 1845 हा सुक्या बर्फाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, धोकादायक मालाच्या नवव्या वर्गाचं लेबल आणि किलोत निव्वळ वजन लागतं, आणि हीच माहिती एअर वेबिलवर, म्हणजे कार्गोच्या पावतीवरही लिहावी लागते. दोन तासांच्या प्रवासाला मला तरी फ्रीझरमधले जेल पॅक पुरेसे वाटतात.

सुक्या बर्फाला निदान परवानगी मिळते; कॉस्टिक सोडा, नळी साफ करायची पावडर, संडासाचं ॲसिड यांना मात्र प्रवासी सामानात परवानगीच नाही. ते आठव्या वर्गात, म्हणजे कातडी आणि धातू खाणाऱ्या (संक्षारक) मालात येतात. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो, आणि विमानाच्या सांगाड्यात ॲल्युमिनियमच मोठ्या प्रमाणात असतं. गावच्या घरी साबण करायला म्हणून अर्धा किलो पिशवीत टाकू नका, तिकडेच घ्या. डोळ्यात उडाला तर लिंबू-व्हिनेगर नाही, साध्या पाण्याने निदान वीस मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठा.

पोहोचल्यावर उरलेला सुका बर्फ बेसिनमध्ये ओतू नका, बाटलीत भरू नका. मुलांचा हात पोहोचणार नाही अशा मोकळ्या गच्चीत डबा उघडा ठेवा, तो आपोआप उडून जातो.