डोंगर जाळला की गवत जोमात येतं, हे कितपत खरं?

सह्याद्रीत, म्हणजे पाटण-जावळीकडे वगैरे, फेब्रुवारी-मार्च आला की हे वाक्य ठरलेलं, फॉरवर्डमध्येपण फिरतं: वणवा लावला की पुढच्या पावसात गवत जोमात येतं.

असं वाटतं कारण दिसतं तसंच. वाळकं गवत जळून गेलं की कोंबांना थेट ऊन मिळतं, काळ्या जमिनीवर ते हिरवे कोंब लगेच डोळ्यात भरतात, राखेतून थोडं पालाशही (पोटॅश) मिळतं. पण बारमाही गवताचे गड्डे जमिनीत जिवंतच असतात, ते आगीशिवायही फुटणारच, आणि उतारावरची राख वळवाच्या दोन-चार सरींत ओढ्याला लागते, उघडी पडलेली माती घेऊन. हिरडा-जांभळाची वीतभर रोपं जळतात ती वेगळीच, मग डोंगरावर नवं झाड येणार कुठून?

तपासायला मुद्दाम जाळू नका (राखीव जंगलात तर १९२७च्या वन कायद्यानं तो गुन्हा आहे). आधीच जळलेला उतार आणि शेजारचा न जळलेला, असे दोन धरा. पहिल्या मोठ्या पावसात दोन्हीकडच्या ओघळाचं पाणी बाटलीत भरून रात्रभर ठेवा आणि तळाचा गाळ बघा. दिवाळीनंतर दोन्हीकडचं मीटरभर चौकोनातलं गवत कापून, वाळवून वजन करा, जूनच्या हिरव्या रंगावर जाऊ नका.

जुनं गवत अडचण वाटत असेल तर दिवाळीनंतरच कापून चाऱ्याला न्यायचं, आणि ग्रामसभेत वाटण्या ठरवून जानेवारीतच जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे) काढायच्या.