कार्बनची सीट घेताय? आधी सीटपोस्टचा क्लॅम्प बघा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

काउंटरवर रोज दोन गोष्टी येतात. एक म्हणजे सायकलच्या कार्बन सीटबद्दलचा प्रश्न: "एवढी पातळ, एवढी कडक, बसवेल का हो हिच्यावर?" दुसरी गोष्ट म्हणजे पार्सल. ऑनलाइन मागवलेली कार्बन रेलची (रेल म्हणजे सीटखालच्या दोन दांड्या) सीट खोक्यातून काढून समोर ठेवली जाते आणि "एवढी लावून द्या, दहा मिनिटांचं काम आहे" असं सांगितलं जातं. प्रश्नाचं उत्तर मोठं आहे, पण सोपं आहे. पार्सलचं उत्तर बऱ्याचदा "नाही लावता येणार" असं असतं, आणि ते का, हे शनिवारच्या गर्दीत एकेकाला सांगणं जमत नाही. म्हणून हा कागद.

मऊ म्हणजे आरामाची, असं नाही

आपण सीटवर बसतो ते दोन हाडांवर. कडक बाकावर तळहात खाली घालून बसलात तर दोन्ही टोकं हाताला लागतात. सगळं वजन या दोन टोकांवर पडलं पाहिजे. गादी फार मऊ असली की हाडं तिच्यात रुततात आणि मधला फोम वर येतो. मध्ये नसा आहेत, रक्तवाहिन्या आहेत; दाब तिथे बसतो. जेलची जाड सीट पार्क चौकापर्यंत मस्त वाटते आणि तुळजापूरहून परतताना मुंग्या आणते, त्याचं कारण हे. सोलापुरी चादरीची चौपदरी घडी सीटवर बांधली तरी फरक पडणार नाही.

पण कार्बन आहे म्हणून आराम मिळतो, असंही नाही. कार्बनमुळे वजन घटतं. आराम मिळतो तो रुंदी आणि आकार जुळल्यामुळे. चांगल्या सीटचं कवच बसायच्या जागी थोडं लवतं, त्याची मदत होते. पण रुंदी चुकली तर बाकी सगळं फुकट.

रुंदी घरी मोजता येते. खोक्याचा नालीदार पुठ्ठा चौरंगावर किंवा कडक स्टुलावर ठेवा. पातळ चड्डीवर त्यावर बसा, पायाखाली एखादं पुस्तक किंवा वीट घेऊन गुडघे थोडे वर येऊ द्या, सायकलवर वाकता तेवढं पुढे वाका आणि अर्धा मिनिट हलू नका. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. नीट दिसत नसतील तर खडू आडवा धरून घासा, खळगे कोरे राहतात. दोन्ही खळग्यांचे मध्य पेनाने टिंबून त्यांतलं अंतर मिलिमीटरमध्ये घ्या. तीन वेळा मोजा; तिन्ही आकडे तीन-चार मिलिमीटरच्या आत आले तर माप बरोबर.

हे अंतर बहुतेकांचं १०० ते १५० मि.मी.च्या दरम्यान येतं. रोडबाईकवर बऱ्यापैकी वाकून चालवत असाल तर त्यात २० ते २५ मिळवा, हँडल उंच ठेवून आरामात चालवत असाल तर ३० च्या आसपास. कंपनीचा स्वतःचा तक्ता असेल तर तो आधी बघा. माप ११८ आलं तर १४३ ची सीट, १३० आलं तर १५५ ची. लेबलवर 'पुरुषांसाठी', 'महिलांसाठी' काय छापलंय ते सोडून द्या. महिलांची हाडं सरासरीने थोडी रुंद असतात हे खरं, पण सीट सरासरीसाठी घ्यायची नसते.

इथे एक हट्ट वारंवार दिसतो. रुंद सीट जड असेल म्हणून लोक एक नंबर अरुंद घेतात. प्रत्यक्षात एका नंबराने वजनात पाच-दहा ग्रॅमचा फरक पडतो. सोलापूरच्या उन्हात दोन बाटल्या भरून निघता, म्हणजे दीड किलो पाणी. दहा ग्रॅम त्यातला एक घोटही नाही.

वजनाचं गणित, थोडक्यात

स्टीलच्या रेलची चांगली सीट २५० ते ३०० ग्रॅम. तोच आकार कार्बन रेलमध्ये घेतला तर १६० ते २०० च्या आसपास. गादीच नसलेली, नुसत्या कार्बनची सीट १०० च्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते. ती घ्यायच्या आधी हाडाचं माप, बसायची ढब आणि बिब शॉर्ट (खांद्यावर पट्ट्या असलेली, आत गादी शिवलेली सायकलची चड्डी) हे तिन्ही पक्कं असलं पाहिजे. पहिली कार्बन सीट म्हणून आम्ही ती सुचवत नाही. अगदी हलक्या सीटांना चालवणाऱ्याच्या वजनाची मर्यादाही असते, काहींची ९० किलो. ती माहितीपत्रकात बारीक अक्षरात असते. वाचा.

जाळीदार थ्रीडी छपाईच्या गादीबद्दल हल्ली विचारणा होते. बसायला छान आहे, वजन कार्बन रेलमध्येही थोडं जास्त भरतं. आपल्याकडची काळी माती पावसात त्या जाळीत जाऊन बसते. मऊ ब्रश आणि साधं पाणी घेऊन धुवायची तयारी ठेवा.

आता मुख्य गोष्ट: रेल गोल की अंडाकृती

सीटच्या खाली ज्या दोन दांड्या असतात त्या रेल. स्टील आणि टायटॅनियमच्या रेल गोल असतात, व्यास ७ मि.मी. कार्बनच्या रेल बहुतेक अंडाकृती: रुंदी ७, उंची ९ मि.मी. काहींची उंची १० असते. फरक फक्त दोन मिलिमीटरचा आहे, आणि सगळा घोळ या दोन मिलिमीटरांचा आहे.

सीटपोस्टचा, म्हणजे सीट धरणाऱ्या उभ्या नळीचा, क्लॅम्प (रेल पकडणारा भाग) दोन जातींचा येतो. पहिल्यात खाली खाच असलेला पाळणा, वर झाकण, आणि वरून-खालून बोल्टने आवळायचं. यात अंडाकृती रेल बऱ्याचदा बसते, कारण तिची रुंदी तीच ७ आहे. उंची वाढल्यामुळे कधी लांब बोल्ट लागतो. तरीही पोस्टच्या कंपनीने ७×९ ला होकार दिलाय का हे बघावं लागतं. दुसऱ्या जातीत एकच आडवा बोल्ट असतो आणि दोन्ही बाजूंचे 'कान' रेलला बाहेरून दाबतात. या कानांतली वाटी ७ मि.मी. गोल रेलसाठी कोरलेली असते. ९ मि.मी. उंच रेल त्या वाटीत जातच नाही. वाटीच्या वरच्या आणि खालच्या काठावर अडकते. बोल्ट आवळला की सगळा दाब पूर्ण पृष्ठभागाऐवजी दोन बारीक रेघांवर येतो.

स्टील असा दाब सहन करतं, फार तर वाकतं, आणि वाकलेलं दिसतं. कार्बनचं तसं नाही. आतले थर एकमेकांपासून सुटायला लागतात आणि वरून काहीच दिसत नाही. मग एक दिवस खड्ड्यात चाक आपटतं आणि रेल क्लॅम्पच्या काठाशी मोडते. उरलेल्या टोकाला सुरीसारखी धार असते आणि ते नेमकं तुमच्या खाली असतं. म्हणून आम्ही "थोडं आवळून बघा की" याला तयार होत नाही. ते आडमुठेपणाने नाही.

उपाय अवघड नाही. आडव्या बोल्टच्या बऱ्याच पोस्टना त्याच कंपनीचे ७×९ चे वेगळे कान मिळतात. पोस्ट काढून आणा किंवा सायकलच आणा. कान मिळतो का ते बघून सांगतो. मिळत नसेल तर दोनच रस्ते: पोस्ट बदला, किंवा त्याच सीटचा गोल टायटॅनियम वा पोकळ स्टील रेलचा प्रकार घ्या. वजन ४०-६० ग्रॅमने वाढेल, पण आहे त्या पोस्टवर बिनबोभाट बसेल. बऱ्याच जणांसाठी हाच व्यवहार शहाणपणाचा आहे, हे कार्बन विकणारे आम्हीच सांगतोय.

लावताना

जुनी सीट सोडण्याआधी मापं घ्या. इथे घाई केली की पुढचे दोन आठवडे गुडघे दुखतात. क्रँकच्या अक्षाच्या मध्यापासून, म्हणजे पेडलचे दांडे ज्याभोवती फिरतात तिथून, सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर लिहून ठेवा. नव्या सीटची रेलपासून माथ्यापर्यंतची उंची जुनीइतकी असेलच असं नाही, म्हणून पोस्ट वर-खाली करावी लागते. पुढे-मागेचं माप नाकापासून घेऊ नका. हल्लीच्या आखूड सीट २४०-२५० मि.मी. लांब असतात, जुन्या २७०-२८०. नाक जुळवलंत तर तुम्ही दोन-तीन सेंटिमीटर पुढे सरकाल. जुन्या सीटवर रुंदी बरोबर ८० मि.मी. भरते ती जागा शोधा, तिथून हँडलच्या मध्यापर्यंत मोजा, आणि नव्या सीटची ८० ची जागा तेवढ्याच अंतरावर आणा.

रेलवर सरकवण्याच्या मर्यादेच्या खुणा असतात. क्लॅम्प त्यांच्या आतच. वाकणात क्लॅम्प आला तर टॉर्क (बोल्ट आवळायचा जोर) बरोबर असूनही रेल तडकते. क्लॅम्पच्या काठाला नखाला लागेल असा करकरीतपणा असेल तर बारीक पॉलिश पेपर फिरवा. ग्रीस बोल्टच्या आट्यांना, रेलला नाही.

आवळायचं ते टॉर्क रेंचनेच, म्हणजे हा जोर मोजणाऱ्या पान्याने. सीटवर एक आकडा असतो, पोस्टवर दुसरा. सीट ८ न्यूटन मीटर म्हणत असेल आणि पोस्ट १०, तर ८ वर थांबायचं. दोन बोल्ट असतील तर पाव-पाव फेरा आलटून-पालटून. तेवढ्यावर सीट हलत असेल तर क्लॅम्प चुकीचा आहे, पाना कमी पडलेला नाही.

नाक सपाट ठेवून सुरुवात करा. मोबाइलचं लेव्हल ॲप सीटवर लांब पट्टी ठेवून तिच्यावर लावा. लागलंच तर एक-दोन अंश खाली. त्याहून खाली केलं की अंग पुढे घसरतं आणि तळहात बधिर होतात. लोक मग हातमोजे बदलत बसतात.

पहिले पंधरा दिवस

नवी सीट लावून थेट २०० किलोमीटरच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) निघू नका. साडेतेरा तासांची मुदत असते, सीट ओळखीची करून घ्यायला ती नसते. आधी हिप्परग्याच्या तलावापर्यंत जाऊन-येऊन करा, तीन-चार वेळा. हाडांवर आठवडाभर हलकं दुखणं ठीक आहे. बधिरपणा कधीच ठीक नाही, पहिल्या दिवशीही नाही; तो आला तर कोन, उंची, नाहीतर रुंदी चुकली आहे. मांडीच्या आत घासत असेल तर आधी उंची बघा; कंबर डावी-उजवी डुलत असेल तर सीट नक्की उंच आहे. आणि बिब शॉर्टच्या आत दुसरं काही घालायचं नाही.

दोन-तीन महिन्यांनी सीट काढून क्लॅम्पखालची रेल पुसून बघा. एप्रिल-मेमध्ये घामाचं मीठ तिथे साठतं, ॲल्युमिनियमच्या क्लॅम्पवर पांढरी भुकटी धरते. पेडल मारताना एकाच बाजूने कुरकुर, रेलवर पांढरी रेघ, नाण्याने टकटक केल्यावर एका जागी बसका आवाज: यातलं काहीही असेल तर सीट वापरू नका. एम-सीलने ती जुळत नाही. रेलला पट्ट्यांनी मोठी बॅग बांधणाऱ्यांनी पट्टीखाली संरक्षक टेप गुंडाळावी, धुळीसकट पट्टी घासून रेल झिजवते. बंद गाडीत दुपारभर सीट ठेवू नका, वरच्या कव्हरचा गोंद सुटतो.

आमच्याकडे काय होतं

हाडांचं माप आम्ही मोफत घेतो, सीट घ्यायलाच पाहिजे असं नाही. निवडक आकारांच्या स्टील रेलच्या ट्रायल सीट आहेत; अनामत ठेवून पाच दिवस न्या, तुमच्या रस्त्यावर चालवा. आकार पटला की तोच कार्बनमध्ये मागवून देतो. बाहेरून आणलेली सीटही लावून देतो, मजुरी लागते, कारण मापं घेणं, कोन, टॉर्क धरून तासभर जातो. कार्बन रेल एकदा क्लॅम्पमध्ये आवळली की ती सीट परत घेता येत नाही, आमच्याकडून घेतलेली असली तरी. आत काय दाब बसला हे कुणालाच दिसत नाही, आणि ती सीट पुढच्या ग्राहकाला विकणं आम्हाला जमणार नाही.

खूण, वजनमर्यादा, टॉर्कचा आकडा, रुंदी यांपैकी काहीच छापलेलं नसलेली बिननावाची कार्बन सीट मात्र आम्ही लावत नाही, कितीही स्वस्तात मिळालेली असो.

येताना अख्खी सायकल आणा, नुसता पोस्ट चालतो पण मापं घेता येत नाहीत. बिब शॉर्ट आणि नेहमीचे बूट सोबत घ्या. शक्यतो आठवड्यातल्या सकाळी या. शनिवारी संध्याकाळी पंक्चरवाल्यांची रांग असते.