स्पर्धा की प्रयोग? आधी चिठ्ठ्यांचं काय करणार ते सांगा

वाचकस्पर्धा कशी घ्यायची हे मराठी माणसाला शिकवायला नको. प्रश्न, शेवटची तारीख, परीक्षकांचा निर्णय अंतिम, संयोजकांच्या नातेवाइकांना प्रवेश नाही. (सोडत ही स्पर्धा नव्हे, तिथे नशीब लागतं, डोकं नाही. एवढं पुरे.) घोळ होतो तो याच साच्यात ‘प्रयोग’ कोंबला की. ‘वाचकांसोबत एक आगळावेगळा प्रयोग, सर्वोत्कृष्ट प्रतिसादाला बक्षीस!’ असं वाचलं की माझं डोकंच सणकतं. सर्वोत्कृष्ट निवडणार असाल तर ती स्पर्धा. आगळीवेगळी म्हणा हवं तर.

फरक निकालाच्या दिवशी दिसतो. स्पर्धेत एक चिठ्ठी कामाची, बाकीची रद्दी. प्रयोगात चुकलेली उत्तरं हाच खरा माल.

१९०६ साली इंग्लंडमधल्या प्लिमथला जनावरांच्या प्रदर्शनात एक पैज होती: समोरचा बैल कापून, साफ करून किती वजन भरेल? तिकीट सहा पेन्स, जवळच्या अंदाजांना बक्षिसं. बक्षिसं वाटली, संयोजकांचं काम संपलं. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टननं मात्र ती तिकिटं मागून घेतली. सदोष आणि न वाचता येणारी १३ बाजूला काढली, उरलेले ७८७ अंदाज चढत्या क्रमानं लावले आणि बरोबर मधला पाहिला. शाळेच्या गणितात ज्याला मध्यक म्हणतात तो. १२०७ पौंड. खरं वजन ११९८. तिकिटं तीच; संयोजकांच्या हातात ती स्पर्धा होती, गाल्टनच्या टेबलावर प्रयोग झाला.

पण हे साधलं, कारण प्रत्येकानं आपापल्या तिकिटावर लिहिलं होतं. इथेच लोक हमखास घसरतात. मीही घसरलोय. आमच्या सोसायटीच्या गणपतीत बरणीभर चिंचोके ठेवले आणि अंदाज लिहायला भिंतीवर एक कागद चिकटवला. पहिल्याच काकांनी ठसठशीत ४०० लिहिलं. त्याखाली ३९०, ४२०, ४१०, ३९५... चिंचोके निघाले सातशेच्या वर. स्पर्धा म्हणून काही बिघडलं नाही, सर्वांत जवळच्या वहिनींना पेढ्यांचा पुडा मिळाला. प्रयोग म्हणून मात्र तो कागद मातीमोल. त्यावर चाळीस अंदाज नव्हतेच. काकांचा एकच होता, चाळीस हस्ताक्षरांत. ‘आतापर्यंतची उत्तरं पाहा’ असा फलक लावणाऱ्यांनी हा कागद डोळ्यांसमोर आणावा.

बक्षिसानं प्रयोग नासतो असंही सरसकट नाही. फीमुळे टवाळखोर लांब राहिले आणि बक्षिसाच्या आशेनं लोकांनी नीट विचार केला, हे गाल्टननंच नोंदवलंय. फक्त खरं उत्तर देण्यातच देणाऱ्याचा फायदा हवा. ‘रोज किती पानं वाचता?’ याला बक्षीस लावून बघा, अख्खी आळी शंभर पानांखाली उतरणार नाही.

दोन्ही एकत्र जमवून दाखवलं ते अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलरनं. १९९७ मध्ये ‘फायनान्शियल टाइम्स’ या ब्रिटिश दैनिकाच्या वाचकांना त्यानं ० ते १०० मधली एक पूर्ण संख्या पाठवायला सांगितली, सगळ्यांच्या सरासरीच्या दोन तृतीयांशाच्या जवळ जो, तो जिंकला. विजयी संख्या १३ ठरली. पण मौज आहे ती हरलेल्यांत. ३३ वर गर्दी, २२ वर गर्दी. लोक काहीही पाठवतील, सरासरी ५० येईल, असं धरून एकच पायरी उतरून थांबले ते ३३ वर. त्या ३३ चाही दोन तृतीयांश काढणारे २२ वर. नुसतं विजेत्याचं नाव छापलं असतं, तर कोण किती पायऱ्या उतरलं हे कधी कळलंच नसतं.

पुढच्या वर्षी आम्ही भिंतीवरचा कागद काढून फट असलेली बंद पेटी ठेवली. आरतीनंतर विजेत्याचं नाव पुकारलं आणि मी प्रसाद घेऊन वळतो तोवर एक उत्साही कार्यकर्ता सगळ्या चिठ्ठ्या निर्माल्याच्या पिशवीत ओतत होता. हारांतून वेचून काढल्या. चार-पाच झेंडूच्या पाण्यानं पुसल्या गेल्या होत्या, त्या सदोष म्हणून बाजूला ठेवल्या.