‘नाइस’ शब्दाची पार्श्वभूमी

‘नाइस’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ आज कोणीही ‘छान’ असा सांगेल. पण सुमारे १३००च्या आसपास हा शब्द इंग्रजीत रुळू लागला, तेव्हा एखाद्याला ‘नाइस’ म्हणणे म्हणजे त्याला चक्क मूर्ख म्हणणे होते. ‘न’कारदर्शक ‘ने’ आणि ‘जाणणे’ या अर्थाचा ‘स्कीरे’ यांपासून लॅटिनमध्ये ‘नेस्कियुस’, म्हणजे अजाण, असे विशेषण झाले, आणि १०६६च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच शब्दांचा जो ओघ इंग्रजीत आला, त्यातूनच तेही जुन्या फ्रेंचमार्गे तिथे पोहोचले. ‘सायन्स’ हा शब्दही याच ‘स्कीरे’पासून निघालेला आहे, हे मला विशेष लक्षणीय वाटते.

पुढे मात्र या शब्दाला स्थिर अर्थ लाभला नाही. उच्छृंखल, बुजरा, चोखंदळ, नाजूक, काटेकोर, क्षुल्लक अशा परस्परांशी फारसे न जुळणाऱ्या अर्थांनी तो वापरला गेला, इतका की सोळाव्या-सतराव्या शतकांतील अनेक वाक्यांत लेखकाला नेमके काय म्हणायचे होते, हे कोशकारांनाही ठामपणे ठरवता येत नाही. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधील एक जागा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पाचव्या अंकात, रोमिओच्या हाती न पडलेल्या पत्राविषयी धर्मगुरू लॉरेन्स म्हणतो की ते पत्र ‘नाइस’ नव्हते. आजचा वाचक याचा अर्थ ‘पत्र चांगले नव्हते’ असा लावेल आणि फसेल. पत्र किरकोळ नव्हते, त्यात अत्यंत महत्त्वाचा मजकूर होता, म्हणूनच ते न पोहोचल्याने अनर्थ ओढवू शकतो, असे त्याला सांगायचे आहे.

‘छान’ हा अर्थ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला आणि लवकरच लोकांना खटकूही लागला. १८१७च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’ या कादंबरीत कॅथरिन एका पुस्तकाला ‘नाइस’ म्हणते, तेव्हा हेन्री टिल्नी तिची थट्टा करतो: दिवस नाइस, फेरफटका नाइस, मुलीही नाइस, हा शब्द सगळ्यालाच चालतो. मुळात तो नीटनेटकेपणा किंवा अभिरुचीचा नाजूकपणा दाखवण्यासाठीच वापरला जात असावा, असे त्याला वाटते. शब्द सरसकट वापरल्याने बोथट होतो ही त्याची तक्रार मला रास्त वाटते. पण ज्याला तो मूळ अर्थ समजतो, तो वाटेतला एक टप्पा आहे, आणि खरोखर मुळाशी जायचे तर ‘नाइस’ मुलगी म्हणजे बावळट मुलगी ठरेल.

काटेकोरपणाचा तो मधला अर्थ अजून पुरता पुसलेला नाही. कायद्याच्या किंवा तर्काच्या चर्चेत एखादा भेद ‘नाइस’ आहे असे म्हटले जाते, तेव्हा तो सूक्ष्म आहे आणि बारकाईने पाहिल्याशिवाय हाती लागणार नाही, असेच सुचवायचे असते. ‘नाइसिटी’ या नामातही हाच अर्थ टिकून आहे.