सेव्हन सामुराई : गुणदोष

सेव्हन सामुराई (जपानी नाव शिचिनिन नो सामुराई) : अकिरा कुरोसावा दिग्दर्शित कृष्णधवल जपानी चित्रपट. निर्मिती टोहो, प्रदर्शन 26 एप्रिल 1954, लांबी 207 मिनिटे. पटकथा कुरोसावा, शिनोबू हाशिमोतो व हिदेओ ओगुनी यांची. छायालेखन असाकाझू नाकाई, संगीत फुमिओ हायासाका. 1954 च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात चित्रपटाला रौप्य सिंह पुरस्कार मिळाला.

जव पिकले की दरोडेखोर परत येणार, हे कळल्यावर एका डोंगराळ गावातले शेतकरी पोटभर भाताच्या बोलीवर धनी नसलेले सामुराई (रोनिन) शोधायला निघतात. स्वतः मात्र ते भरड धान्यावर दिवस काढतात. कथानक साधे आहे. चित्रपट उभा राहतो तो हिशेबावर. सामुराईंचा म्होरक्या कांबेई (ताकाशी शिमुरा) आधी माणसे मोजतो : चार दिशांना चार, राखीव दोन आणि तो स्वतः, म्हणून सात. मग जागा पाहतो. पश्चिमेला कुंपण घालायचे, दक्षिणेच्या खाचरांत पाणी सोडायचे, पूर्वेचा पूल तोडायचा आणि उत्तरेची वाट मुद्दाम मोकळी ठेवायची. त्या वाटेने एक-दोन घोडेस्वार आत येऊ द्यायचे, लगेच भाल्यांची फळी धरून मागच्यांना अडवायचे आणि आत सापडलेल्याला घेरायचे. पुलापलीकडची तीन घरे त्यासाठी सोडावी लागतात, आणि त्या घरांचे मालक चिडून भाले टाकून चालू लागतात. दरोडेखोर 40 आहेत. कागदावर 40 वर्तुळे काढलेली असतात, एक मेला की एक फुली पडते. शेवटच्या सकाळी 13 उरतात, तेव्हा सगळ्यांनाच आत घ्यायचे ठरते. लढाई कुठे चालली आहे आणि किती बाकी आहे, हे प्रेक्षकाला सतत ठाऊक असते. युद्धपटांत ही गोष्ट दुर्मीळ आहे.

हिशेब चुकतो तो दोन कारणांनी. शेतकऱ्याचा मुलगा असून सामुराई म्हणवणारा किकुचियो (तोशिरो मिफुने) एकट्याने बंदूक पळवून आणण्यासाठी आपली जागा सोडतो. तेवढ्यात तिथून दरोडेखोर घुसतात आणि त्या हल्ल्यात सातांपैकी एक, गोरोबेई, मरतो. दुसरे कारण म्हणजे खुद्द बंदूक. दरोडेखोरांकडे तोड्याच्या तीनच बंदुका आहेत, पण मरणारे चारही सामुराई गोळीनेच मरतात. तलवारीत ज्याला तोड नाही तो क्यूझो (सेइजी मियागुची) सुद्धा.

अखेरची लढाई मुसळधार पावसात, चिखलात घडते. कुरोसावाने ती अनेक कॅमेऱ्यांनी एकाच वेळी टिपली, त्यामुळे घोड्याची घसरण आणि माणसाचे पडणे तुटक वाटत नाही. टेलिफोटो लेन्समुळे खोलीतले अंतर आकसते आणि घोडे थेट अंगावर आल्यासारखे दिसतात. संथगती अगदी मोजकी आहे : मुलाला ओलीस धरणारा चोर कोसळतो तेव्हा आणि क्यूझोच्या द्वंद्वात हरणारा पडतो तेव्हा. पुढच्या अनेक चित्रपटांनी हे तंत्र उचलले, हा संयम मात्र फार थोड्यांना जमला.

दोष नजरेआड करण्याजोगे नाहीत. दरोडेखोर म्हणजे निव्वळ फुल्या. ते असे का झाले, याचा विचारच नाही. रिकिची या शेतकऱ्याच्या, दरोडेखोरांनी पळवलेल्या बायकोचा प्रसंग हृदय पिळवटतो, पण तिला जवळजवळ शब्दच नाहीत. शिनो या शेतकऱ्याच्या मुलीचे तरुण सामुराईशी जुळलेले प्रेमप्रकरण तिच्या बाजूने फारसे उलगडत नाही. मिफुनेचा आरडाओरडा पहिल्या तासात काही ठिकाणी ताणला जातो. पण शेतकऱ्यांनी पळत्या सामुराईंना मारून लपवलेली चिलखते सापडतात आणि ‘त्यांना असे बनवले कोणी? तुम्हीच!’ अशा अर्थाचा त्याचा संताप फुटतो, तेव्हा त्याच अभिनयाला वजन येते.

सर्वांत मोठा आक्षेप इतिहासाचा आहे. किकुचियोने आपली म्हणून दाखवलेल्या वंशावळीतल्या जन्मसालावरून तो 13 वर्षांचा ठरतो; त्यावरून काळ 1586 च्या सुमाराचा निघतो. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने शेतकऱ्यांची शस्त्रे जप्त करण्याचा हुकूम काढला तो 1588 मध्ये. म्हणजे तोवर अनेक गावांत शस्त्रे होती, लढणारी माणसे होती, आणि शेती करणारे सामुराईही होते. बंदोबस्ताची समज नसलेले भेदरलेले गाव आणि वेगळ्याच जातीचे लढवय्ये, ही विभागणी नंतरच्या एदो काळाला (1603 ते 1868) अधिक शोभते. लपवलेल्या चिलखतांचा प्रसंग ही उणीव थोडी भरून काढतो.

परदेशात बराच काळ पाऊण तासाहून अधिक कापलेली प्रत दाखवली गेली. लांबीची तक्रार करण्याआधी आपण कोणती प्रत पाहिली हे तपासावे : पूर्ण प्रतीत मध्यंतर असते, आणि गावाची तटबंदी, कवायत, कापणी हे सारे सावकाश घडते. हा भाग घाईत गेला तर शेवटच्या पावसात कोण कुठून कुठे धावतो आहे, हे कळत नाही.