मेलोफोनला हॉर्नचा माउथपीस का मानवत नाही?

प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाचा सराव कस्तुरचंद पार्कवर चालतो, तेव्हा नागपूरच्या थंडीत गार पितळ ओठांना लावणे हीच वादकांची पहिली परीक्षा असते. अशाच एका सरावानंतर शाळेच्या बँडमधील एका मुलीने आपली अडचण मला सांगितली. ती तीन वर्षे फ्रेंच हॉर्न शिकते आहे आणि संचलनासाठी तिच्या हाती मेलोफोन, म्हणजे हॉर्नच्या जागी संचलनात वाजवायचे पितळी वाद्य, आला आहे. ‘ओठांना सवय झालेला माउथपीस (वाद्याचा ओठांना लावायचा सुटा भाग) बदलू नये’ असे कोणीतरी सांगितल्यामुळे तिने हॉर्नचाच माउथपीस एक छोटी जोडनळी लावून मेलोफोनवर बसवला होता. खालचे स्वर ठीक लागत होते, पण वरचे काही केल्या सुरात येत नव्हते. दोष तिच्या ओठांचा नव्हता, आणि हा सल्ला अर्धाच खरा का आहे हे समजण्यासाठी नळीतील हवेकडे पाहावे लागते.

आधी वाद्याचा विचार करू. एफ स्वरातील फ्रेंच हॉर्नची नळी उलगडली तर ती सुमारे १२ फूट भरते, आणि मेलोफोनची जवळपास त्याच्या निम्मी, म्हणजे ६ फूट असते. हॉर्नच्या नळीचे नैसर्गिक स्वर सुमारे ४४ हर्ट्झच्या पटीत येतात, तर मेलोफोनचे ८७ हर्ट्झच्या पटीत. यातील प्रत्येक स्वराला आपण पायरी म्हणू. ५२३ हर्ट्झचा स्वर हॉर्नवर बारावी पायरी असतो आणि तेरावी पायरी तिच्यापासून अवघी ४४ हर्ट्झ दूर असते. मेलोफोनवर तोच स्वर सहावी पायरी असून पुढची पायरी ८७ हर्ट्झ दूर असते. चालताना प्रत्येक पावलागणिक वाद्य ओठांवर किंचित आदळते, त्यामुळे पायऱ्या दाट असल्या की स्वर शेजारच्या पायरीवर घसरतो. शिवाय हॉर्नचे तोंड मागे वळलेले असल्याने मैदानावर त्याचा आवाज मागच्या रांगेकडे जातो, मेलोफोनचा मात्र थेट समोर जातो. संचलनासाठी मेलोफोन निवडणे म्हणूनच योग्य आहे.

आता माउथपीसकडे वळू, कारण या विषयातील मला सर्वांत प्रिय गोष्ट तिथे दडली आहे. माउथपीस वाद्यातून काढून त्याचे तोंड तळहातावर हलकेच आपटा. ‘टप्प’ असा आवाज येतो आणि त्याला स्पष्ट स्वर असतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यावर हवा जशी घुमते, तसाच हा प्रकार आहे: माउथपीसच्या ओठांकडील खोलगट वाटीतील हवा स्प्रिंगसारखी वागते आणि तिच्या तळाशी असलेल्या अरुंद गळ्यातील हवा त्या स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखी. ट्रम्पेटच्या माउथपीसमध्ये हा स्वर ८०० हर्ट्झच्या आसपास असतो. त्या वारंवारतेला माउथपीस सुमारे पावणेअकरा सेंटिमीटर लांबीच्या नळीसारखा वागतो, खालच्या स्वरांना मात्र तो त्याहून आखूड भासतो. धातूची लांबी तीच राहते, पण ध्वनीला जाणवणारी लांबी स्वर चढेल तशी वाढत जाते.

एका टोकाला ओठांनी बंद झालेल्या सरळ नळीचे स्वर १, ३, ५, ७ अशा विषम पटींत येतात आणि त्यांतून कामाचे संगीत निघत नाही. पुढचे फुलत जाणारे तोंड खालचे स्वर वर उचलते, तर माउथपीस आपल्या वाढत्या लांबीने वरचे स्वर खाली ओढतो. या दोन्ही ओढींचा मेळ बसला की पायऱ्या २, ३, ४, ५ अशा सुरेल पटींत येतात. हॉर्नचा माउथपीस खोल आणि नरसाळ्यासारखा असतो. त्याची वाटी आणि गळा १२ फुटी नळीच्या हिशेबाने घडवलेले असतात. तो ६ फुटी नळीला लावला की प्रत्येक स्वराला मिळणारी ओढ बदलते आणि पायऱ्यांमधील अंतरेच चुकतात. जोडनळीने आणखी लांबी वाढते ती वेगळीच. ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे नळीची लांबी कमी-जास्त करणारा सरकता भाग, सगळे स्वर मिळून वर किंवा खाली नेते, म्हणून पायऱ्यांमधील ही तफावत तिने भरून निघत नाही.

सल्ल्याचा खरा अर्धा भाग हा, की ओठांना फक्त माउथपीसची कड कळते. म्हणून मेलोफोनसाठीच बनवलेला, पण कडेचा आतील व्यास आपल्या हॉर्नच्या माउथपीसच्या जवळ जाणारा माउथपीस शोधावा. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही ओठांना जाणवतो. ट्रम्पेटचा माउथपीस मेलोफोनमध्ये बसतो खरा, पण त्याच्या उथळ वाटीने आवाज टोकदार होतो. बी फ्लॅटमधील ९ फुटी मार्चिंग हॉर्न हॉर्नच्याच माउथपीससाठी बनवलेला असेल, तर आपला नेहमीचा माउथपीस खुशाल वापरावा.

सोन्याच्या मुलाम्याने स्वर ‘उबदार’ होतो या जाहिरातीवर पैसे घालवू नयेत. स्वर हवेच्या स्तंभाचा असतो आणि मुलाम्याचा तो पातळ थर हवेच्या मापात जाणवण्याजोगा बदल करत नाही. ओठांना चांदीची किंवा पितळेची ॲलर्जी असेल तर मात्र सोन्याचा मुलामा उपयोगी पडतो. थंडीसाठी प्लास्टिकची कड हा स्वस्त आणि खरा उपाय आहे.

त्या मुलीने दोन माउथपीस मागवून घेतले आणि तळहातावर आपटून दोन्हींच्या ‘टप्प’मधला फरक ऐकला. नंतर फोनवरचा ट्यूनर समोर ठेवून तिने एकाच जागी कदमताल करत सहाव्या पायरीचा तो स्वर लांबवला, कारण बसून सुरात लागणारा माउथपीस चालतानाही तसाच लागेल याची खात्री नसते. दुसऱ्या माउथपीसवर तिचा स्वर पावलांबरोबर हलला नाही, आणि तिने तोच ठेवून घेतला.